फेडायची वाकळ

शेजारणीकडून कालवणाची वाटी आली, तर ती धुऊन रिकामी परत द्यायची नाही, हे आमच्याकडे पोरींना फार लवकर शिकवतात. घरात दुसरं काही नसलं तर गुळाचा खडा, चिमूटभर साखर, नाहीतर परसातल्या दोन मिरच्या तरी वाटीत टाकायच्या. लहानपणी मी हे बिनतक्रार करत होते. पुढं कॉलेजात गेले, चार पुस्तकं वाचली, आणि मला या सगळ्याचा राग यायला लागला. लग्नातली आहेराची वही तर मला अगदीच नकोशी वाटे. मांडवाच्या तोंडाशी एक माणूस बसलेला, कुणी किती दिले ते लिहून घेतोय, आणि वर्षभरानं दुसऱ्याच्या लग्नाला जाताना तीच वही काढून बघायची. हे देणं कसलं? ही तर उधारी झाली!

गीतेच्या १७ व्या अध्यायात सात्त्विक दान सांगितलंय. ज्याच्याकडून परत काही मिळायचं नाही अशाला, योग्य वेळी, योग्य जागी, द्यायचं म्हणून दिलेलं ते सात्त्विक. परतफेडीची आशा ठेवून दिलेलं राजस. हे वाचून मी आईपुढं व्याख्यानच दिलं होतं. आई भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. पण वाटी रिकामी दिली, तर ती वाटी पुन्हा आपल्याकडं कशी यायची?"

मला तेव्हा वाटलं, आईला मुद्दा कळला नाही. तो मला कळला नव्हता, हे समजायला पंचवीस वर्षं आणि एक अर्धवट वाकळ लागली.

आमचं गाव आंबेगाव तालुक्याच्या उगवतीच्या अंगाला. काळी जमीन, कांदा, बटाटा, बाजरी. मंचरच्या बाजारात माल जायचा. मावळतीला, भीमाशंकराच्या बाजूला, तालुका अगदी निराळा. तिथं डोंगर, पाऊस, भातखाचरं, नाचणी, वरई आणि हिरड्याची झाडं. त्या बाजूची माणसं भात काढून झालं की खाली आमच्याकडं कांदा लावायला, पुढं काढायला यायची. त्यातलं एक जोडपं दर साली आमच्याच वस्तीवर उतरायचं. गोठ्याच्या पडवीत त्यांची चूल मांडली जायची. त्या बाईला आम्ही पोरं मावशी म्हणायचो. आई तिला आक्का म्हणायची, कारण ती आईपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी होती. ती आईला वैनी म्हणायची, कारण आई मालकाच्या घरची होती. या दोन हाकांमध्येच दोघींमधलं सगळं अंतर होतं, आणि ते दोघींनाही ठाऊक होतं.

पौषात आमच्याकडं थंडी हाडं फोडते. रात्री जेवणं उरकली की पडवीत कंदील लावून दोघी वाकळ घेऊन बसायच्या. कुणी वाकळ म्हणतं, कुणी गोधडी. आमच्याकडं दोन्ही चालतं. जुनी नऊवारी लुगडी धुऊन, उन्हात कडक वाळवून ठेवलेली असायची. लुगडं मधून फाडायचं, काठ बाजूला काढायचे. सारवलेल्या जमिनीवर खालचं पान पसरायचं, चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, दगड असं जे मिळेल ते ठेवायचं. मधे विरलेली धोतरं, बापाचे सदरे, पोरांची फाटकी कापडं. वरचं पान नेहमी जुन्या लुगड्याचं, कारण धुऊन धुऊन जे सूत मऊ होतं तसं नवं कापड कधीच होत नाही. आधी लांब लांब कच्चे टाके घालून सगळे थर धरून ठेवायचे. मग कडेपासून धावदोरा सुरू करून चौकोनात आत आत जायचं, दोन ओळींमध्ये अंगठ्याएवढं अंतर ठेवून. दोघी दोन बाजूंनी शिवत मध्यापाशी भेटायच्या. शिवायला वाकळीवरच बसायला लागायचं, त्यामुळं पूर्ण होण्याआधीच ती ऊब द्यायला लागायची.

माझ्या जन्माच्या वर्षी मावशी डोंगरातून येताना नव्या भाताचे तांदूळ, गुटीसाठी बाळहिरड्याची पुडी आणि एक दुपटं घेऊन आली होती. हे मला आईनं सांगितलेलं. आजीला ते दुपटं पसंत नव्हतं. कुणाची कुठली जुनेरं, ती आपल्या लेकराला कशाला, असं तिचं म्हणणं. मजुरीला येणाऱ्या बाईला आपण जुनं लुगडं द्यायचं, तिच्याकडचं जुनेर घ्यायचं नाही, अशी आजीची सरळ समजूत होती. आईनं भांडण केलं नाही. मला त्याच दुपट्यात गुंडाळून आजीच्या मांडीवर ठेवलं. पुढं मावशीच्या लेकीला पहिलं मूल झालं तेव्हा आईनं दुपटं आणि कुंची शिवून वर पाठवली. मग मावशीकडून मोठी वाकळ आली. मग आईकडून गेली. मधे दोन वर्षं जायची, कधी पाच. किती झाल्या याची नोंद कुठल्या वहीत नव्हती, पण पाळी कुणाची आहे हे दोघींना विचारायला लागत नसे.

आता मी आजीच्या बाजूनंही थोडा विचार करते. देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली, हे आपण सगळेच जाणतो. म्हणून तर द्यायला सोपं जातं, घ्यायला जड. आईनं मावशीला जुनी लुगडी, उरलेलं धान्य नुसतं देतच राहिली असती, तर लोक तिला दानशूर म्हणाले असते. मावशी मात्र कायमची ओंजळ पसरलेली राहिली असती. आईनं तिच्या हातचं घेतलं, पोराला पांघरलं, आल्या-गेल्याला दाखवलं, "आमच्या आक्कानं शिवलीय" म्हणून. आईचं मोठेपण मला देण्यात फार दिसत नाही. ते घेण्यात होतं.

पण एवढ्यावर थांबले तर मी खोटं गोड लिहिते आहे असं होईल. मी सातवीत असताना एका वर्षी कांद्याचा भाव पडला. काढणी झाल्यावर वडील हिशेबाला बसले. आमचे वडील वाईट माणूस नव्हते, पण त्या साली त्यांच्या अंगावर देणं होतं. मावशीचा हिशेब करताना ते म्हणाले, "दोन लुगडी दिलीत, बाजरी दिलीय. चार दिवसांची हजेरी सोडा आता. घरच्यासारखंच आहे आपलं."

मावशी पायरीखाली बसली होती. ती उठून उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"दादा, हजेरी येगळी, वाकळ येगळी. लुगडी वैनीनं मला दिली, म्या तिला वाकळ दिली. त्ये आमचं आमी बघू. हजेरी तुमी मला देयाची."

आई दारात उभी होती. ती आत गेली, पलंगावरची वाकळ उचलून आणली आणि वडिलांच्या पुढ्यात ठेवली. "हिशेबात धरायचंच असंल तर आधी हिचा दाम लावा," म्हणाली. वडील बराच वेळ वाकळीकडं बघत राहिले. मग त्यांनी पुरी हजेरी मोजून दिली.

त्या दिवशी मावशी जे बोलली ते मी पुढं अनेक पुस्तकांत शोधलं. मार्सेल मॉस नावाच्या फ्रेंच अभ्यासकानं १९२५ साली भेटवस्तूवर एक मोठा निबंध लिहिला. जगातल्या कितीतरी समाजांतली उदाहरणं देऊन तो सांगतो की भेट वरून मर्जीची वाटली तरी तिच्यात तीन बंधनं असतात. द्यायला लागतं, घ्यायला लागतं आणि परत द्यायला लागतं. हे वाचताना मला आमची पडवी दिसली. पण मावशीनं आणखी एक गोष्ट सांगितली होती. भेटीचं बंधन निराळं आणि मजुरीचं निराळं, आणि एकाच्या आड दुसरं लपवायचं नाही. "घरच्यासारखं" हा शब्द किती वेळा हजेरी कापायला वापरला जातो, हे शेतात काम केलेल्या कुणालाही विचारा. शहरात घरकाम करणाऱ्या बाईलाही विचारा. दिवाळीला साडी देऊन वर्षभराची पगारवाढ टाळणारी घरं मी पाहिली आहेत.

आपल्या भाषेत या दोन गोष्टींना निरनिराळे शब्द आहेतच. सावड म्हणजे आज तुम्ही माझ्या रानात, उद्या मी तुमच्या. माणूस माणसाला, दिवस दिवसाला. मोजून असतं आणि त्यात कुणाला लाज वाटत नाही. इर्जिक म्हणजे अडलेल्याच्या रानात सगळ्यांनी जायचं आणि फक्त पोटभर जेवून यायचं. तिथं दिवस मोजत नाहीत. आणि हजेरी म्हणजे हजेरी. तिन्ही गोष्टी चांगल्या आहेत. घोटाळा होतो तो एकीचं नाव दुसरीला दिलं की.

मोजण्यात कमीपणा नाही हे मला दगडानंही सांगितलं. लग्नानंतर मी जुन्नर तालुक्यात ओतूरच्या बाजूला आले, शाळेत शिकवू लागले. पोरांची सहल घेऊन नाणेघाटात गेलो, तेव्हा तिथल्या गुहेतला सातवाहन राणीचा लेख त्यांना दाखवला. दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञात किती गायी दिल्या, किती घोडे, हत्ती, किती कार्षापण, सगळे आकडे कोरलेले. भारतातले फार जुने अंक पाहायचे तर अभ्यासक तिथं येतात, आणि ते अंक आहेत दानाचे! जुन्नरभोवती २०० हून अधिक लेणी आहेत. तिथल्या लेखांतही कुणी लेणं दिलं, कुणी पाण्याचं टाकं, कुणी शेत, हे नावानिशी कोरलंय. धान्याचे व्यापारी, काशाचं काम करणारे, बांबूचं काम करणारे यांच्या श्रेणी त्यात आहेत. एका पोरानं मला विचारलं, "बाई, दिलेलं लिहून ठेवलं तर त्येचं पुण्य जात न्हाई का?" मी त्याला म्हटलं, "तुझ्या घरी आहेराची वही आहे ना? ती तुझ्या आजोबांनी का ठेवली असंल?" तो म्हणाला, "कुणाचं ध्यान चुकू नये म्हणून." मला त्याचं उत्तर माझ्या प्रश्नापेक्षा बरं वाटलं.

मग पैशाचं काय? हाही प्रश्न एकदा पुढं आला. पुण्यात ओळखीच्या बायांनी माझ्याकडची गोधडी पाहिली आणि तशा हव्या म्हणाल्या, विकत. मी बिचकत मावशीला विचारलं. मला वाटलं तिला राग येईल. तिनं चार शिवून दिल्या, रोख पैसे घेतले, आणि पैसे कमी पडतात म्हणून पुढच्या वेळी भाव वाढवून मागितला. "त्या ईकायच्या हाईत गं. त्यात काय?" म्हणाली. विकायच्या गोधडीत ती नवं कापड घालायची, टाका थोडा लांब टाकायची. द्यायच्या वाकळीत टाका बारीक. यात तिला कुठंही गोंधळ नव्हता. गोंधळ माझ्या डोक्यात होता. गरिबाच्या हातचं पवित्र मानायचं आणि त्याचे पैसे द्यायची वेळ आली की अवघडायचं, असा.

एक गोष्ट मी आत्तापर्यंत बाजूला ठेवली होती. घोड नदीवर डिंभ्याचं धरण झालं. कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांपैकी हे एक. माणिकडोह, वडज, येडगाव आणि पिंपळगाव जोगे ही बाकीची चार जुन्नर तालुक्यात. तालुक्याला ज्या गावावरून नाव पडलं ते आंबेगावच पाण्याखाली गेलं. मावशीची खालची भातखाचरं त्याच पाण्यात गेली. आमच्या रानात कालवा आला. आधी ती महिना-दीड महिना यायची, पुढं चार-चार महिने यायला लागली. आम्हाला कांद्याची दोन पिकं व्हायला लागली, आणि ती लावायला तीच येत होती. तिच्या खाचरावर उभं असलेलं पाणी आमच्या सऱ्यांतून वाहायचं, आणि ती त्यात वाकून रोप लावायची. आईला हे दिसत होतं. एकदा रात्री शिवताना आई म्हणाली, "आक्का, तुझ्या रानाचं पाणी आमी पितो." मावशी म्हणाली, "पाणी कुणाचं नसतंय वैनी. रान व्हतं." आणि दोरा दातानं तोडला. पुढं त्यावर बोलणं झालं नाही.

हे देणं कुठल्या वाकळीनं फिटायचं? फिटत नाही. आईनं शंभर दुपटी शिवली असती तरी फिटलं नसतं. ते तिनं एकटीनं घेतलंही नव्हतं आणि तिच्या एकटीच्या हातानं फिटण्यासारखंही नव्हतं. मला भीती वाटते ती याचीच. दोन बायकांच्या वाकळीची गोष्ट इतकी सुंदर आहे की ती सांगून मोठ्या देण्यावर पांघरूण घालता येतं. मावशीचं वाक्य मला इथं पुन्हा लागतं. हजेरी येगळी, वाकळ येगळी. आणि रान तर त्याहून येगळं.

३० जुलै २०१४ ला माळीणवर डोंगर कोसळला. दीडशेवर माणसं गेली. तालुक्याच्या कानाकोपऱ्यातून, पुण्यामुंबईतून गाड्या भरभरून मदत आली. आमच्या गावातूनही टेंपो गेला. आईनं पेटीतली न वापरलेली वाकळ त्यात टाकली. त्या आणि आसपासच्या वाड्यांवर कपड्यांचे, चादरींचे ढीग लागले होते. काही महिन्यांनी मावशी भेटली तेव्हा म्हणाली, "लय दिलं लोकांनी. देव भलं करो. पर परत कुणाला देयाचं, त्येच कळंना." मदत घेणाऱ्याच्या मनात ही बोच असते, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या दिवसांत परतीचा विचार न करता धावून जाणं हेच बरोबर होतं. ती इर्जिक होती. गीतेतलं सात्त्विक दान हेच असावं. पण माणूस इर्जिकीवर कायमचा जगू शकत नाही. कधीतरी त्याला सावडीत परत यायचं असतं.

आई २०१६ च्या मार्गशीर्षात गेली. दिवस झाल्यावर मी तिची पेटी आवरायला घेतली. वरच एक वाकळ निघाली, घडी घातलेली, सुई तशीच टोचून ठेवलेली. कडेपासून बारा-तेरा ओळी झालेल्या, मधला भाग कच्च्या टाक्यांवर. वहिनी म्हणाली, "ही डोंगरातल्या मावशीची. पाळी आईंची होती ना." मला पाळी माहीत नव्हती, वहिनीला होती.

आईचं देणं मी फेडायचं का? कायद्यानं विचारलं तर कुणी मागणार नव्हतं. मावशी तर कधीच मागणार नव्हती. आणि मला शिवता येत नव्हतं, म्हणजे बटण लावण्यापुरतं येत होतं. तरी मी ती घरी आणली. शाळा सुटल्यावर रोज एक-दोन ओळी. बोटाला चिंधी गुंडाळून. आईच्या ओळी सरळ चालायच्या, माझ्या बांधावरून चालल्यासारख्या. चार महिने लागले. शिवता शिवता एक समजलं. या कामात घाई करताच येत नाही, आणि तेवढा वेळ दुसऱ्या माणसाचा विचार केल्याशिवाय राहता येत नाही. आहेराचं पाकीट आपण दोन मिनिटांत भरतो. वाकळीत मावशी माझ्याबरोबर चार महिने बसली होती.

आपल्या भाषेत फेडणं म्हणजे कर्ज चुकतं करणं, आणि अंगावरचं वस्त्र उतरवणं हेही फेडणंच. वाकळ फेडून मी या नात्यातून मोकळी होणार, अशी एक चोरटी भावनाही माझ्या मनात होती, हे कबूल करते. एकदाचं आईचं देणं पोचवलं की झालं.

चैत्रात भाऊ आणि मी गाडीनं वर गेलो. धरणाचं पाणी खाली उतरलं होतं, काठाला भेगा पडलेली माती दिसत होती. मावशी ओट्यावर बसली होती. डोळ्यांनी अंधुक दिसत होतं. मी वाकळ तिच्या मांडीवर ठेवली. तिनं ती डोळ्यांपाशी नेली नाही. कडेपासून बोटं फिरवत आत गेली आणि एका जागी थांबली.

"हितवर वैनी," म्हणाली. "हितून कोण?"

"मी, मावशी."

तिनं माझ्या ओळींवरून पुन्हा एकदा हात फिरवला. "दोरा लय वढलाय. सैल सोडायचा, न्हाईतर धुतल्यावं चुण्या पडत्यात." मग तिनं वाकळ पायांवर ओढून घेतली. चैत्राच्या दुपारी. भाऊ हसला, तर त्याला म्हणाली, "तुला काय कळतंय."

आम्ही निघालो तेव्हा ती मला म्हणाली, "आता माझी पाळी." मी म्हटलं, "मावशी, आता राहू दे. तुला दिसत नाही, दुखतं. फिटलं सगळं." ती एकदम गप्प झाली. तिचा चेहरा मला आजही दिसतो. मी तिच्यावर दया दाखवायला गेले होते, आणि तिच्या दारात उभं राहून तिला सांगत होते की आता तुझ्याकडून काही नको. म्हणजे रिकामी वाटीच मी तिच्या हातात ठेवत होते. आईचं भाकरी थापताना बोललेलं वाक्य तेव्हा कुठं मला पोचलं. मी घाईनं म्हटलं, "बरं. पण मोठी नको. दुपटं चालेल."

"त्ये माझं म्या ठरवीन," मावशी म्हणाली.

परत येताना गाडीत मी भावाला या वर्षीची हजेरी काय देतोस ते विचारलं. त्याला आवडलं नाही. आमचं बरंच बोलणं झालं. त्यानं पुढच्या हंगामाला थोडी वाढवली, माझ्या मते पुरेशी नाही. ती गोष्ट अजून चालू आहे.

दीड वर्षानं मंचरच्या बाजाराला येणाऱ्या एकाच्या हाती गाठोडं आलं. आत दुपटं होतं. कडेला मशीनची शिलाई होती, नातीनं मारलेली. सुईत दोराही तीच ओवून देत असणार. मधल्या ओळी हाताच्या, वाकड्यातिकड्या, कुठं दोन एकमेकींवर चढलेल्या. दोरा मात्र सगळीकडं सैल.

माझ्या घरात आता तान्हं कुणी नाही. दुपटं पेटीत आहे, आईच्या जुन्या लुगड्यांच्या वर. त्यातली दोन लुगडी मी मागच्या आठवड्यात धुऊन वाळत घातली. पाळी माझी आहे.